‘त्या केंद्रावर कुणी ओळखीचं आहे का?’

बी-१०४ वहिनी: नमस्कार सोसायटीतल्या सगळ्यांना. एक मदत हवी होती. माझा भाचा यंदा बारावी सायन्सला आहे. अ‍ॅडमिशन गावाकडच्या ज्युनिअर कॉलेजला, क्लास इथे सोलापुरात. परीक्षा पुढच्या आठवड्यात, आणि पहिलाच पेपर इंग्रजीचा. केंद्र तालुक्याला आलंय, यंदा तिथं फार कडक आहे म्हणतात. कुणाची ओळख असेल, थोडं सहकार्य होण्यासारखं असेल तर मला पर्सनलवर कळवा प्लीज.

ए-१०१ अण्णा: वहिनी, केंद्राचं नाव आणि सीट नंबर पाठवा. एक-दोघं आहेत माहितीतले. बघतो.

बी-३०२ मॅडम: वहिनी, राग मानू नका. पर्सनलवर न येता इथंच लिहिते, कारण फेब्रुवारी आला की कुणी ना कुणी मला हेच विचारतं. मी ज्युनिअर कॉलेजला शिकवते आणि दरवर्षी पर्यवेक्षणाला असते. सहकार्य वर्गात कसं दिसतं ते सांगते. पेपर सुरू होऊन अर्धा तास होतो न होतो तोच खिडकीशी कुणीतरी येतं. तोवर प्रश्नपत्रिकेचा फोटो बाहेर गेलेला असतो, उत्तरं बारीक अक्षरात झेरॉक्स होऊन आलेली असतात. पाणी द्यायला फिरणारा पोरगा चिठ्ठ्या टाकत जातो. आणि त्याच वर्गात एखादी मुलगी खाली मान घालून स्वतःच्या डोक्यानं लिहीत असते. मागे कुजबुज, बाजूला कागदांची खसखस, तिचं लक्ष दहादा उडतं. कुणी तिला म्हणतं, ‘तू पण घे की, आज सगळ्यांना मोकळं आहे.’ ती घेत नाही. बाहेर आली की मैत्रिणी तिला वेड्यात काढतात. मला त्या मुलीची फार काळजी वाटते.

ए-१०१ अण्णा: मॅडम, तुमचं बरोबर आहे. पण जग कुठं चाललंय बघा की. २०२४ ला मेडिकलच्या नीटला चोवीस लाखांच्या आसपास पोरं बसली. पाटणा, हजारीबागला पेपर फुटला हे सुप्रीम कोर्टानंही मान्य केलं, तरी परीक्षा काही परत झाली नाही. त्याच वर्षी जूनमध्ये प्राध्यापकांसाठीची नेटची परीक्षा घेतली आणि दुसऱ्या दिवशी रद्द केली. आणि आपल्याकडची टीईटी? ज्या परीक्षेवर मास्तर ठरतात, त्यातच साडेसात हजारांच्या वर उमेदवार बोगस निघाले. वरपासून खालपर्यंत हेच चालायलंय. मग वहिनींच्या भाच्यानं एकट्यानं हरिश्चंद्र व्हायचं का?

ए-३०३ काका: *फॉरवर्ड केलेला मेसेज:* सावधान!! नवीन कायदा लागू. परीक्षेत कॉपी करताना सापडल्यास विद्यार्थ्याला १० वर्षे तुरुंग आणि १ कोटी दंड!! सर्व पालकांपर्यंत पोचवा.

सी-२०१ (इंजिनिअरिंगवाला): काका, हा मेसेज अर्धवट आहे, पुढं पाठवू नका. तो कायदा २०२४ चा, केंद्र सरकारचा. यूपीएससी, रेल्वे, बँका, नीट-जेईई अशा परीक्षांसाठी आहे. बोर्ड त्यात येत नाही. शिवाय ती शिक्षा पेपर फोडणाऱ्या संघटित टोळ्यांना आहे. परीक्षार्थींना त्या त्या परीक्षेचे नियम लागतात. बोर्डाच्या परीक्षेसाठी आपल्या राज्याचा वेगळा कायदा आहे, १९८२ चा.

ए-३०३ काका: बरं. डिलीट करतो.

बी-३०२ मॅडम: बरं केलंस बाळा, घाबरलेल्या पोरांना असल्या मेसेजनं आणखी धडकी भरते. अण्णा, तुमच्या प्रश्नाकडे येते. आधी बारावीला प्रश्नपत्रिका दहा मिनिटं अगोदर वाचायला मिळायची. मोबाईलवरून पेपर बाहेर जायला लागले म्हणून २०२३ ला मंडळानं ते बंद केलं. ओरड झाल्यावर तीच दहा मिनिटं शेवटी वाढवून दिली. २०२५ ला, ज्या केंद्रांवर आधी गैरप्रकार सापडले होते तिथं केंद्रसंचालक आणि पर्यवेक्षक दुसऱ्या शाळांचे नेमले. भरारी पथकं, बैठी पथकं, वर जिल्हाधिकाऱ्यांची दक्षता समिती. सतरा वर्षांच्या पोरांना अडवायला एवढा फौजफाटा लागत नाही हो. तो आपल्यासाठी लागतो. फोटो बाहेर पाठवणारा मोठा माणूस, झेरॉक्सवाला मोठा माणूस, कंपाउंडच्या भिंतीवर चढणारा मामा किंवा मोठा भाऊ, आणि आदल्या आठवड्यात ओळख शोधणारे आपण. पोराला यातलं काहीच एकट्यानं जमत नाही. घरच्यांनीच सोय केलेली बघून तो समजून जातो की माझ्याच्यानं हे होणार नाही असं आई-बापालाही वाटतंय. चिठ्ठीपेक्षा हे त्याला जास्त महागात पडतं.

बी-१०४ वहिनी: मॅडम, बोलणं सोपं आहे. माझ्या भावानं क्लासची फी कर्ज काढून भरलीय. क्लासवाल्यांनीच सांगितलं, अ‍ॅडमिशन गावाकडं ठेवा, हजेरीची कटकट नाही, पोरगा फक्त नीट करेल. दोन वर्षांत इंग्रजीचा एक तास त्याला कुणी घेतला नाही. आता इंग्रजीत उडाला तर नीटही गेलं आणि पैसेही गेले. तुम्ही सांगा, त्यानं काय करायचं?

बी-३०२ मॅडम: वहिनी, तुमची काळजी खरी आहे. आणि तुम्ही सांगितलंत त्यातच सगळं आहे. अ‍ॅडमिशन एकीकडे, पोरगा दुसरीकडे, हजेरी कागदावर. फसवाफसवी तिथूनच सुरू झाली आणि ती भाच्यानं सुरू केलेली नाही. मोठ्यांनी ठरवलं, त्यानं ऐकलं. आता परीक्षेच्या तोंडावर तीच मोठी माणसं त्याला म्हणणार, अजून एवढं एक कर. भाच्याचं काय करायचं ते जरा वेळानं लिहिते, जेवणं आटपते.

सेक्रेटरी काका: विषय निघालाच आहे तर मीही सांगतो. नाव घेणार नाही. गेल्या महिन्यात एकांनी आपल्या सोसायटीचा पत्ता घालून भाडेकरार करायला पत्र मागितलं. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्काच्या पंचवीस टक्के मोफत जागांत नंबर लागावा म्हणून. शाळेपासून एक किलोमीटरच्या आतल्या मुलांना आधी प्रवेश मिळतो ना, त्यासाठी. राहतात दुसरीकडे. मी नाही म्हटलं. ते आता बोलत नाहीत माझ्याशी. ती जागा पलीकडच्या वस्तीतल्या, खरंच एक किलोमीटरच्या आत राहणाऱ्या एखाद्या पोराची आहे. लॉटरीत त्याचा नंबर का नाही लागला हे त्याच्या आईला कधीच कळणार नाही. माझ्या सहीनं ते व्हायला नको होतं.

सी-२०१ (इंजिनिअरिंगवाला): काका, एकदम बरोबर केलंत. आमच्याकडे सबमिशनच्या आदल्या रात्री एकच फाईल अख्खा वर्ग उतरवतो. आता तर असाइनमेंट चॅटजीपीटीला टाकून दिली की झालं, वाचतसुद्धा नाहीत. व्हायवाला सर नवीन असले तरच प्रश्न येतात. पण प्लेसमेंटला कंपनीवाले साधा प्रोग्रॅम कागदावर लिहायला सांगतात, तेव्हा नऊ पॉइंटर असलेली पोरं गप्प बसतात. बाहेर आल्यावर रडलेली पाहिलीत मी.

ए-१०१ अण्णा: ते ठीक. पण बारावीच्या इंग्रजीत कुणी दहा मार्क जास्त घेतले तर कुणाचं काय जातं? ते आरटीईसारखं नाही. कुणाची जागा थोडीच घेतोय तो.

बी-३०२ मॅडम: घेतो की अण्णा. दहावीचंच बघा. पॉलिटेक्निकच्या डिप्लोमाला प्रवेश दहावीच्या गुणांवर. पोस्टातली ग्रामीण डाक सेवकाची भरती तर परीक्षा न घेता निव्वळ दहावीच्या गुणांवर होते. आपल्या वॉचमन मामांची मुलगी दहावीला आहे. संध्याकाळी गेटच्या केबिनमध्ये अभ्यास करत बसलेली तुम्ही रोज बघता. उद्या ती स्वतःच्या बळावर ऐंशी टक्के आणेल आणि ‘मोकळ्या’ केंद्रावरून कुणी त्र्याण्णव आणेल. डाकघरातली नोकरी कुणाला? यादीत फक्त आकडा दिसतो, तो कसा आला ते कुठंच लिहिलेलं नसतं.

आणि तुम्हाला हे मी सांगायला नको. पानिपतला विणलेली चादर सोलापुरी म्हणून विकली जाते तेव्हा सगळ्यात जास्त तळमळ तुम्हाला होते. गणपतीच्या मीटिंगमध्ये अर्धा तास त्यावर बोलला होतात.

ए-१०१ अण्णा: तळमळ होणारच की. मॅडम, चादर विणायला सूत लागतं, माणूस लागतो. जकार्डवर नक्षी विणली की दोन्ही बाजूंनी दिसते. वजन हातात घेतलं की कळतं. तो दुसरा माल हलका, दोन धुण्यात भुरकट. पण गिऱ्हाईक परगावचं. त्याला लेबलवर सोलापूर दिसलं, दोनशे रुपये कमी दिसले, तो घेतो. भौगोलिक मानांकन आपल्या चादरीला आहे, टॉवेललाही आहे, पण रस्त्यावरच्या दुकानात कोण बघतंय ते? वाईट ह्याचं वाटतं की खराब निघाली की शिवी सोलापूरला बसते. आमच्या शेजारचे चार कारखाने बंद झाले. त्यांचे कामगार आता कुठं कुठं वॉचमन आहेत. आपले मामासुद्धा लूमवरच होते, माहीत नसेल तुम्हाला.

बी-३०२ मॅडम: नव्हतं माहीत, अण्णा.

ए-१०१ अण्णा: हं. कळलं तुम्ही काय म्हणायलात ते. वहिनी, सीट नंबर नका पाठवू. मी कुणाला सांगणार नाही. पण मॅडम, एक खरं सांगतो. त्या केंद्रावर बाकीची पोरं करणारच. ह्याचे टक्के त्यांच्यापेक्षा कमी येणार, हे भावाला आत्ताच सांगून ठेवा. नंतर पोराला बोल नको.

बी-३०२ मॅडम: हे तुम्ही फार महत्त्वाचं बोललात. येतील कमी. ते घरच्यांनी आधीच मान्य करायला हवं, नाहीतर निकालाच्या दिवशी पोरगं एकटं पडतं.

वहिनी, आता भाच्याचं. इंग्रजीचा लेखी पेपर ८० गुणांचा, तोंडी आणि अंतर्गत २० चे. ते २० आधीच झालेत, त्यात बहुतेकांना पंधराच्या पुढे मिळतात. पास व्हायला दोन्ही मिळून ३५. म्हणजे लेखीत वीस-बावीस आणले तरी तो सुटतो. समरी, नोट मेकिंग, अपील, इंटरव्ह्यूचे प्रश्न, यांना पाठांतर लागत नाही, साचा समजला की झालं. उताऱ्यातली निम्मी उत्तरं उताऱ्यातच असतात. जो पोरगा फिजिक्सची गणितं सोडवतो त्याला सहा दिवसांत एवढं येतं, मी अनेकांकडून करून घेतलंय. नीटसाठी बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून ओपनला पन्नास टक्के लागतात, इंग्रजीत फक्त पास व्हावं लागतं. आणि समजा उडालाच, तर पुरवणी परीक्षा आहे. कॉपीत सापडला आणि संपादणूक रद्द झाली तर मात्र सगळेच विषय जातात.

त्याला माझ्याकडे पाठवा. रोज संध्याकाळी सात ते नऊ. फी वगैरे काही नको.

बी-१०४ वहिनी: मॅडम, काय बोलू. त्याला आत्ताच फोन केला, तो लगेच हो म्हणाला. म्हणाला, आत्या, मला त्या चिठ्ठ्यांचीच जास्त भीती वाटत होती. पण भाऊ ऐकायला तयार नाही. म्हणतो, वर्षभर काही नाही आणि आता सहा दिवसांत काय होणार, कुणाला तरी सांगून ठेवलेलं बरं.

बी-३०२ मॅडम: भावाला माझा नंबर द्या. नाहीतर त्यांचाच मला पाठवा, आत्ताच लावते. आणि भाच्याला सांगा, येताना मागच्या वर्षीची कृतिपत्रिका आणि घड्याळ घेऊन ये. मोबाईल तुमच्याकडे ठेवून येऊ दे.