जळगाव–मुंबई ३५५ किमी, मग विमानाला सव्वा तास का? आणि पुढचं दुबईचं विमान मिळेल का?

एरंडोलकर
राम राम मंडळी. जळगाव–मुंबई हवाई अंतर ३५५ किमी दाखवतात. एटीआर (पंख्यांचं छोटं विमान) ताशी ५०० ने जातं म्हणे, म्हणजे पाऊण तासाच्या आत पोचायला हवं. तिकिटावर सव्वा तास आहे. खरं काय धरायचं? मुंबईत उतरल्यावर अडीच तासांनी टर्मिनल २ वरून दुबईचं विमान आहे. तिकिटं वेगवेगळी काढलीत.

तापीकाठ
दोन्ही खरं. ३५५ ही नकाशावरची सरळ रेघ. पडताळून बघा: अक्षांशांतला फरक १.८७ अंश, गुणिले १११, म्हणजे २०८ किमी. रेखांशांतला २.७६; पण आपल्याकडे रेखांश विषुववृत्तापेक्षा जवळ आलेले असतात, म्हणून १११ ने गुणून वर ०.९४ ने गुणायचं. २८८ आले. पायथागोरस लावा, ३५५.

तिकिटावरचा असतो ब्लॉक टाइम. जळगावला विमान जागेवरून हललं तिथपासून मुंबईत थांबून चाकांना चॉक (अडसराचे ठोकळे) लागेपर्यंत. त्यात धावपट्टीपर्यंत जाणं-येणं आलं, चढता-उतरतानाचा कमी वेग आला, आणि मुंबईची रांग आली. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एरवी एकीवरूनच काम चालतं. गर्दीच्या वेळी वरच थांबवून ठेवतात. वाऱ्याला उगाच दोष देतात. समोरून ताशी ३० किमी वारा असला तरी एवढ्या अंतराला तीन-चार मिनिटांचाच फरक.

भुसावळ_यार्ड
अंतर सोडा भो, घोळ वेगळ्या तिकिटांचा आहे. एकाच पीएनआरवर असतं तर पहिलं विमान लेट झाल्यावर पुढची सोय कंपनीने पाहिली असती. आता दुबईवाल्यांच्या लेखी तुम्ही फक्त आला नाहीत.

शिवाय बॅग मुंबईत स्वतः घ्यावी लागेल. पट्ट्यावर २०-३० मिनिटं. टर्मिनल १ ला उतरलात तर २ ला जायला आणखी अर्धा तास धरा. परदेशी विमानाचं काउंटर तास-सव्वा तास आधी बंद होतं. अडीच तासांतून हे वजा करा, हातात पंधरा ते चाळीस मिनिटं उरतात. पहिलं विमान तेवढं लेट झालं की संपलं. पाच तास तरी ठेवा. हिवाळ्यात, सकाळी धुकं असताना, आदल्या दिवशीच निघा.

एरंडोलकर
बॅग ३० किलोची आहे. दुबईच्या तिकिटात चालते.

भुसावळ_यार्ड
जळगावला नाही चालणार. देशातल्या साध्या तिकिटावर बहुधा १५ किलोच. वरच्या १५ किलोचे पैसे किलोवर मोजतील, आधीच ऑनलाइन भरले तर स्वस्त पडतं.

केळी_रावेर
दुबईच्या तिकिटावर विमानतळाचा कोडही बघून घ्या. बीओएम म्हणजे जुना, एनएमआय म्हणजे नवी मुंबई. दोघांत सरळ रेघेत २५ किमीसुद्धा नाहीत, पण रस्त्याने ४० च्या आसपास, आणि संध्याकाळी दोन तास गेले तरी नवल नाही.

एवढं सामान असेल तर रेल्वेच बरी. जळगाव–सीएसएमटी ४२० किमी, रात्रीची गाडी पकडायची. सीएसएमटीवरून मेट्रो ३ थेट टर्मिनल २ ला जाते. दादरला उतरू नका. मेट्रो पश्चिमेला आहे, ३० किलो घेऊन पूल चढावा लागतो. पहाटेचं विमान असेल तर मेट्रो सुरू झालेली नसते, तेव्हा टॅक्सीच.