मोडशी : अजीर्ण की पटकी?

आज कोणी 'मोडशी झाली' असे म्हटले, तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे लग्नाचे जड जेवण, रात्रीच्या एकदोन उलट्या आणि सकाळी आल्याच्या रसात लिंबू पिळून दिलेला चमचा, एवढेच येते. आमची आजी त्यात चिमूटभर सैंधव घालत असे आणि दिवसभर पेजेखेरीज काही देत नसे; मोडशीने माणूस दगावेल अशी धास्ती तिच्या बोलण्यात कधी जाणवली नाही.

१६व्या शतकातल्या गोव्यात मात्र हाच शब्द पटकीसारख्या, म्हणजे कॉलऱ्यासारख्या, जीवघेण्या रोगाचा होता. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता याने १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या औषधीविषयक ग्रंथात स्थानिक लोकांच्या तोंडचे 'मोर्शी' हे नाव नोंदवले असून, आपले लोक त्याचा अपभ्रंश करून 'मोर्देशी' म्हणतात, अशी कबुलीही दिली आहे. पुढे फ्रेंचांनी त्याचे 'मॉर द शियँ', म्हणजे चक्क 'कुत्र्याचे मरण', करून टाकले. उच्चार जुळला, अर्थही भयंकर जुळला. व्युत्पत्ती तेवढी साफ चुकली.

यूल आणि बर्नेल यांच्या 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशात (१८८६) 'मोडशी'चे मूळ 'मोडणे' या क्रियापदात दाखवले आहे आणि 'अंग मोडून येणे' म्हणणाऱ्या कोणालाही ते पटावे. जुलाबांनी अंगातले पाणी जाऊन, पोटऱ्यांत गोळे येऊन, डोळे खोल गेलेला धडधाकट माणूस काही तासांत कोसळतो, त्याला 'मोडला' याहून नेमके काय म्हणणार? अशाच रोगाचे संस्कृतातील नाव 'विषूचिका' सुईच्या टोचणीवरून आलेले आहे, म्हणजे तिथे वेदनेचे वर्णन आहे, मोडशीत परिणामाचे.

सौम्य आणि घातक अशा दोन्ही विकारांना एकच नाव असणे नवलाचे नाही, कारण १८१७ च्या बंगालमधील साथीपूर्वी युरोपातही 'कॉलरा' हा शब्द साध्या उलट्या-जुलाबांना लावत असत. मराठीत घातक अर्थ 'पटकी'ने उचलला आणि मोडशीकडे अजीर्ण उरले. 'पटकी येवो' असा शाप देतात, मोडशीचा कोणी देत नाही. 'मोडशी जिरवणे' म्हणजे माज उतरवणे, हा वाक्प्रचारही मला अजीर्णाच्याच अर्थावर उभा वाटतो. अति खाल्लेले जिरते, पटकी जिरत नसते.