आंतरराष्ट्रीय व्यापारात शिरायचे आहे: आधी पदवी घ्यावी, की आधी कागदपत्रांचे काम शिकावे?

प्रश्न: नवी_वाट

नमस्कार. मी यांत्रिकी अभियंता असून गेली चार वर्षे औद्योगिक व्हॉल्व्ह बनवणाऱ्या एका मध्यम आकाराच्या कारखान्यात देशांतर्गत विक्रीचे काम पाहतो. गेल्या वर्षी आमच्याकडे परदेशातून तीन चौकशा आल्या. पहिल्या चौकशीला मी माल कारखान्यातून उचलण्याचा भाव कळवला. समोरून उत्तर आले की आम्हाला सीआयएफ भाव, म्हणजे आमच्या बंदरापर्यंतचे भाडे आणि विमा धरून भाव, हवा आहे आणि पैसे लेटर ऑफ क्रेडिटने (पतपत्राने, म्हणजे ठरलेले कागद सादर केल्यावर पैसे देण्याच्या बँकेच्या लेखी हमीने) दिले जातील. ते पत्र आमच्या कार्यालयात चार टेबलांवरून फिरले, नवा भाव कळवायला अकरा दिवस लागले आणि तोपर्यंत त्या खरेदीदाराने दुसऱ्या उत्पादकाला ऑर्डर दिली होती. आमच्या मालात काही उणे नव्हते. आम्हाला त्याची भाषा कळली नाही, एवढेच. ही गोष्ट अजून माझ्या मनातून जात नाही.

तेव्हापासून आंतरराष्ट्रीय व्यापार आणि परदेशी बाजारपेठांच्या विकासाचे काम रीतसर शिकावे, असे मी ठरवले आहे. नोकरी सोडून दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी घ्यावी, की नोकरी सांभाळून प्रमाणपत्र अभ्यासक्रम करावेत? या क्षेत्रात नवख्या माणसाने नेमके काय शिकायचे असते, आणि कोणत्या क्रमाने? प्रत्यक्ष काम केलेल्यांनी सविस्तर लिहिल्यास मी आभारी राहीन.

प्रतिसाद: मालपत्रे

गेली सतरा वर्षे मी निर्यातीच्या कागदपत्रांचे काम करते आहे, त्यामुळे माझे उत्तर त्या बाजूला झुकलेले असेल, हे लक्षात घेऊन वाचावे. माझा सल्ला असा की नोकरी सोडण्याआधी किमान एक वर्ष तुमच्याच कारखान्याची निर्यात स्वतः हाताळण्याची परवानगी मागा. आलेल्या तीन चौकशा हाच तुमचा पहिला अभ्यासक्रम समजा आणि ती तिन्ही पत्रे पुन्हा बाहेर काढा.

सुरुवात इन्कोटर्म्सपासून, म्हणजे खर्च आणि जोखीम विक्रेता व खरेदीदार यांच्यात कशी वाटायची हे सांगणाऱ्या ठरावीक व्यापारी अटींपासून, करावी. पॅरिस येथे मुख्यालय असलेल्या इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सने हे नियम १९३६ मध्ये प्रथम प्रसिद्ध केले. सध्या २०२० ची आवृत्ती वापरात असून तिच्यात अकरा नियम आहेत. ते पाठ करायला दोन दिवस पुरतात. वेळ लागतो तो प्रत्येक नियमात दोन वेगळ्या रेषा असतात, हे अंगवळणी पडायला. विक्रेत्याचा खर्च कोठे संपतो ही एक रेषा आणि मालाची जोखीम कोठे खरेदीदाराकडे जाते ही दुसरी. तुम्हाला विचारलेल्या सीआयएफमध्ये विक्रेता खरेदीदाराच्या बंदरापर्यंतचे भाडे आणि विम्याचा हप्ता भरतो. जोखीम मात्र माल निघण्याच्या बंदरात जहाजावर चढला की तेथेच खरेदीदाराकडे जाते. शिवाय २०२० च्या आवृत्तीनुसार सीआयएफमध्ये मर्यादित संरक्षणाचा विमा चालतो, तर सीआयपीमध्ये (कोणत्याही प्रकारच्या वाहतुकीला चालणारी तशीच अट) विक्रेत्याला व्यापक संरक्षणाचा विमा घ्यावा लागतो. करारात वेगळे ठरवले नसेल तर. आद्याक्षरांत एका अक्षराचा फरक दिसतो, पण मोडलेला माल हाती आल्यावर भरपाई मिळणार की नाही, हे अनेकदा तेवढ्यावर ठरते.

मी हे किंमत मोजून शिकले आहे. माझ्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षी आम्ही पंपांचा एक कंटेनर एफओबी अटीवर पाठवत होतो. कंटेनर टर्मिनलच्या ताब्यात दिला, पावती मिळाली आणि आम्ही निर्धास्त झालो. रात्री यार्डात तो उचलताना एका कोपऱ्यावर आपटला. सकाळी मी तेथे पोहोचले तेव्हा दाराची सील जशीच्या तशी होती, पण दाराच्या खालून तेलाची एक बारीक ओळ बाहेर आलेली होती. आतल्या पंपांची आवरणे तडकली होती. जहाज तोवर धक्क्याला लागलेलेही नव्हते. एफओबीमध्ये माल जहाजावर चढेपर्यंत जोखीम विक्रेत्याची असते, म्हणून ते सगळे नुकसान आमच्या अंगावर आले, आणि त्या टप्प्याचा विमा आम्ही काढलेला नव्हता. एफसीए अट वापरून सोपवण्याचे ठिकाण तेच टर्मिनल लिहिले असते, तर खरेदीदाराने नेमलेल्या वाहतूकदाराच्या ताब्यात माल जाताच जोखीमही गेली असती. कंटेनरच्या मालासाठी एफओबी वापरू नये, असे नियमांच्या पुस्तकात स्पष्ट सुचवलेले आहे. तरीही जुन्या सवयीने ती अट सर्रास लिहिली जाते, आणि प्रत्येक वेळी ते पाहून मला वाईट वाटते.

त्यानंतर एचएस कोड, म्हणजे सीमाशुल्कासाठी प्रत्येक वस्तूला दिलेला वर्गीकरणाचा अंक. वर्ल्ड कस्टम्स ऑर्गनायझेशनची ही वर्गीकरण पद्धत १९८८ पासून लागू आहे आणि तिचे पहिले सहा अंक सहभागी देशांत समान असतात. त्यापुढचे अंक प्रत्येक देश आपल्या गरजेनुसार जोडतो. हे काम एजंटावर सोपवून मोकळे होण्याची चूक करू नका, कारण आयातशुल्क, परवाने आणि व्यापार करारातील सवलत या सगळ्यांची किल्ली त्या अंकांतच असते. सराव म्हणून हाताशी असलेली स्टेनलेस स्टीलची साधी पाण्याची बाटली घ्या. ती घरगुती वस्तू म्हणून ७३२३ या शीर्षकाखाली जाते. दिसायला अगदी तशीच, पण दुहेरी भिंतींमध्ये निर्वात पोकळी असलेली बाटली ९६१७ मध्ये जाते. तुमचे व्हॉल्व्ह ८४८१ मध्ये येतात. त्यातही दाब कमी करणारे ८४८१.१०, एकाच दिशेने प्रवाह जाऊ देणारे ८४८१.३० आणि सुरक्षा व्हॉल्व्ह ८४८१.४० असे वेगळे मोजले जातात. अभियंता असल्यामुळे या बाबतीत तुम्ही वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यापेक्षा पुढे आहात, कारण वस्तू प्रत्यक्षात काय काम करते, हे तुम्हाला कोणाला विचारावे लागत नाही.

प्रतिसाद: पतपत्र_तपासनीस

मी बँकेच्या व्यापार वित्त विभागात कागदपत्रे तपासतो. वरच्या प्रतिसादात न आलेल्या एकाच विषयाबद्दल लिहितो.

लेटर ऑफ क्रेडिटचे व्यवहार बहुतेक सर्वत्र यूसीपी ६०० या नियमसंचाप्रमाणे चालतात. हा संच १ जुलै २००७ पासून लागू असून त्यात एकोणचाळीस कलमे आहेत, म्हणजे दोन सुट्यांत तो संपूर्ण वाचून होतो. त्याचा गाभा पाचव्या कलमात आहे: बँकेचा व्यवहार कागदपत्रांशी असतो, मालाशी नसतो. माल उत्तम असला तरी कागद अटींशी जुळले नाहीत तर बँक पैसे नाकारू शकते, आणि कागद जुळले तर मालाविषयीच्या तक्रारीमुळे एरवी पैसे अडत नाहीत. तपासणीसाठी बँकेला कागद सादर झाल्यानंतर जास्तीत जास्त पाच बँक-दिवस मिळतात. पतपत्रात वेगळी मुदत नसेल तर मूळ वाहतूक दस्तऐवज असलेली कागदपत्रे माल पाठवल्यापासून एकवीस दिवसांच्या आत, आणि कोणत्याही परिस्थितीत पतपत्राची मुदत संपण्यापूर्वी, सादर करावी लागतात.

मी रोज ज्या चुका पाहतो, त्या फार साध्या असतात. बिल ऑफ लेडिंगवरील (जहाज कंपनीने दिलेल्या मालाच्या पावतीवरील) माल चढवल्याची तारीख पतपत्रातील शेवटच्या तारखेपेक्षा एक दिवस पुढची असते. इनव्हॉइसवरचे मालाचे वर्णन पतपत्रातील वर्णनाशी जुळत नाही. विमापत्राची तारीख माल पाठवल्यानंतरची निघते. यातील निम्म्याहून अधिक चुका पतपत्र हाती पडले त्याच दिवशी ओळीवर बोट ठेवून वाचले असते तर टळल्या असत्या, कारण पाळता न येणारी अट माल निघण्यापूर्वी दुरुस्त करून घेता येते. माल निघाल्यावर खरेदीदाराच्या मर्जीवर राहावे लागते. या कामात विशेष प्रावीण्य हवे असेल तर सीडीसीएस ही परीक्षा जगभरच्या बँकांमध्ये ओळखली जाते. मात्र तुमचा कल बाजारपेठेकडे असेल तर तुम्हाला ती परीक्षा देण्याची गरज नाही. तिचा विषय समजून घेणे पुरेसे आहे.

प्रतिसाद: दूरची_बाजारपेठ

वरच्या दोन्ही प्रतिसादांबद्दल मला आदर आहे, परंतु केवळ कागद शिकून कोणी बाजारपेठ उभी करत नाही, हेही सांगायला हवे. परदेशी बाजारपेठेच्या विकासाचे काम म्हणजे कोणत्या देशात जायचे, कोणामार्फत जायचे आणि कोठे जायचे नाही, याचे निर्णय घेणे. ते शिकण्याची पद्धत वेगळी आहे.

पहिली गोष्ट आकडे वाचणे. जिनिव्हा येथील इंटरनॅशनल ट्रेड सेंटरच्या ट्रेड मॅप या संकेतस्थळावर तुमचा ८४८१ हा अंक टाकला की कोणता देश हे व्हॉल्व्ह कोणाकडून किती आयात करतो, हे वर्षांनुसार दिसते. एक सावधगिरी बाळगावी: एकाच व्यवहाराचा निर्यातदार देशाचा आणि आयातदार देशाचा आकडा सहसा जुळत नाही, कारण निर्यात बहुधा एफओबी मूल्याने आणि आयात बहुधा सीआयएफ मूल्याने नोंदवली जाते, शिवाय वाटेत तिसऱ्या देशातून गेलेला माल वेगळ्या नावावर पडतो. आकडा मोठा दिसला म्हणून तो देश तुमचा ठरत नाही. तेथे लागणारी प्रमाणपत्रे तुमच्याकडे आहेत का, हा प्रश्न लगेच विचारावा. युरोपीय संघात दाबाखाली चालणाऱ्या बऱ्याच व्हॉल्व्हना २०१४/६८/ईयू या निर्देशाखाली सीई चिन्ह (माल तेथील नियमांप्रमाणे असल्याची खूण) लागते. तेल व वायूच्या वाहिन्यांसाठीचे खरेदीदार एपीआय ६डी हे मानक मागतात. कित्येक विक्री विभाग आधी प्रदर्शनात मंडप घेतात आणि हे नंतर पाहतात.

व्हॉल्व्हच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, जी तुमच्या वरिष्ठांनाही कदाचित नवीन असेल. निकेलची मिश्रधातू किंवा फ्लुओरोपॉलिमर यांसारख्या गंजरोधक पदार्थांचे, द्रवाच्या संपर्कात येणारे भाग असलेले काही व्हॉल्व्ह ऑस्ट्रेलिया ग्रुपच्या (रासायनिक व जैविक शस्त्रांचा प्रसार रोखण्यासाठी निर्यातीवर नियंत्रण ठेवणाऱ्या देशांच्या गटाच्या) नियंत्रण यादीत आहेत, कारण ते रासायनिक शस्त्रांच्या निर्मितीतही वापरले जाऊ शकतात. ती यादी पाळणाऱ्या देशांतून असा माल पाठवायचा असेल तर परवाना लागतो आणि तो कोण, कशासाठी वापरणार, याची चौकशी करावी लागते. ही जबाबदारी मनापासून घ्यावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

दुसरी गोष्ट मध्यस्थ निवडणे. एजंट तुमच्या नावाने ऑर्डर आणतो आणि कमिशन घेतो. वितरक माल स्वतः विकत घेऊन स्वतःच्या जोखमीवर विकतो. दोघांचे करार, किंमत आणि करार संपवण्याचे परिणाम पूर्णपणे वेगळे असतात. माझ्या सुरुवातीच्या काळात एका उत्साही वितरकाला आम्ही तीन वर्षांसाठी संपूर्ण देशाचे एकाधिकार दिले आणि किमान खरेदीची अट घालायला विसरलो. त्याने पहिल्या वर्षी एक कंटेनर घेतला, पुढची दोन वर्षे काहीच घेतले नाही, आणि तेथील तीन चांगल्या खरेदीदारांना मला स्वतःच्या हाताने नकाराची पत्रे लिहावी लागली.

पदवीबद्दल: तुम्हाला मोठ्या कंपनीत थेट व्यवस्थापनाच्या पदावर जायचे असेल, किंवा दुसऱ्या देशात स्थायिक होऊन काम करायचे असेल, तर पदव्युत्तर पदवीचा उपयोग होतो. तसे नसेल तर आत्ताच नोकरी सोडू नये. इंटरनॅशनल ट्रेड सेंटरची एसएमई ट्रेड अकॅडमी आणि जागतिक व्यापार संघटना या दोन्हींचे ऑनलाइन अभ्यासक्रम मोफत आहेत. त्यांपासून सुरुवात करा. कॅनडातील फोरम फॉर इंटरनॅशनल ट्रेड ट्रेनिंगची सीआयटीपी हे व्यावसायिक पदनाम पुढच्या टप्प्यावर विचारात घेता येईल. आणि ज्या प्रदेशात विक्री करायची आहे तेथील एक भाषा, निदान पत्रव्यवहार समजण्याइतकी, आजपासून शिकायला घ्या. तिला सर्वांत जास्त वेळ लागतो.

नवी_वाट

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने वेळ काढून लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. मी वरिष्ठांशी बोललो असून पुढील चौकशीपासून भावपत्रक आणि कागदपत्रे मी तयार करेन, असे ठरले आहे. पदवीचा विचार वर्षभर बाजूला ठेवला आहे. काल रात्री आमच्या सगळ्या मालाची यादी घेऊन वर्गीकरणाला बसलो आणि एका ठिकाणी अडलो. आमचे काही व्हॉल्व्ह विजेच्या मोटरने उघडतात व बंद होतात आणि मोटर त्यावर बसवूनच पाठवली जाते. मोटर आहे म्हणून तो माल विद्युत उपकरणांच्या पंच्याऐंशीव्या प्रकरणात जाईल, की ८४८१ मध्येच राहील?

प्रतिसाद: मालपत्रे

८४८१ मध्येच राहील. व्हॉल्व्ह हाताने चालो, मोटरने चालो की विद्युतचुंबकाने, तो त्याच शीर्षकाखाली राहतो, असे वर्ल्ड कस्टम्स ऑर्गनायझेशनच्या स्पष्टीकरणात्मक टिपांमध्ये दिलेले आहे. मोटर वेगळ्या खोक्यात, सुटा भाग म्हणून पुरवायची असेल तर तिचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. यादीत द्रवाच्या संपर्कात येणाऱ्या भागांच्या धातूचा एक रकाना आत्ताच वाढवून ठेवा. वर सांगितलेल्या नियंत्रण यादीशी ताडून पाहताना तो लागेल.