सोलापूर ते महाबळेश्वर गाडीने, सोबत आईबाबा आणि पोरगी. कुठल्या रस्त्याने जाऊ?

होटगीरोडवाला
नमस्कार मंडळी. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात चार दिवस सुट्टी टाकायलोय. मी, बायको, सहा वर्षांची पोरगी आणि आईबाबा. गाडी वॅगनआर, सीएनजी. महाबळेश्वर ठरलंय पण मॅप एकदा फलटणवरून दाखवतोय, एकदा म्हसवड-दहिवडीवरून, काय कळेना. घाट म्हणून मी आजवर फक्त तुळजापूरचा चढलोय, त्यामुळं हसू नका. आईचे गुडघे दुखतात, पोरीला वळणावर उलटी होते. एका दिवसात थेट गाठायचं का मधे मुक्काम करायचा? आणि नुसतं हॉटेलात जाऊन झोपायचं नाहीय, रस्त्यात पण बघण्यासारखं पाहिजे.

माणदेशचा_जावई
मालक, डोळे झाकून दहिवडीवरून जा. सोलापूर-पंढरपूर-म्हसवड-गोंदवले-दहिवडी-पुसेगाव-कोरेगाव-सातारा. सव्वादोनशे ते अडीचशे किमीच्या मधे पडतं, चहापाणी धरून सहा तास. लोकं म्हणतात त्या रस्त्यावर बघायला काय हाय, पण खरी मजा तीच की. म्हसवड-दहिवडी म्हणजे आपल्यासारखाच दुष्काळी मुलूख, बाभळी, मेंढरं, उघडे माळ. कोरेगाव सोडलं की समोर डोंगर उभे राहतात आणि दुसऱ्या दिवशी साताऱ्यावरून मेढ्याकडं निघालात की असलं हिरवं सुरू होतं की आपण त्याच महाराष्ट्रात हाय का असं वाटतं. ढग सगळे सह्याद्रीच्या माथ्यावर रिकामे होतात, महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिमीच्या वर पाऊस आणि आपल्याकडं येईस्तोवर सहाशेच्या आतबाहेर. हे शाळेत वाचलं होतं, पण एका प्रवासात गाडीच्या काचेतनं बघितलं तेव्हा कळलं.

सकाळी सहाला निघा, गोंदवल्यात महाराजांच्या समाधीचं दर्शन आणि दुपारचा प्रसाद. आईबाबा तिथंच खुश. मुक्काम साताऱ्यात. थेट महाबळेश्वर गाठायच्या नादाला लागू नका, अंधारात आणि धुक्यात घाट पहिल्यांदा चढायचा नसतो.

नुसतं_गाडी_पळवा
वरच्या भाऊंशी सहमत नाही. मोहोळवरून पालखी मार्ग धरा, पंढरपूर, माळशिरस, नातेपुते, फलटण. रस्ता एकदम मोठा. फलटणवरून आदर्की, वाठार स्टेशन करून वाई. वाईत ढोल्या गणपती बघा, कृष्णेच्या घाटावर पोरीला जरा पळू द्या, मग पसरणीचा घाट चढून पाचगणी. पुढं महाबळेश्वर वीसेक किमी. लहान रस्त्यांवर तासन्‌तास घालवायचे आणि त्याला मजा म्हणायचं, हे मला काय झेपत नाही.

माणदेशचा_जावई
पसरणी शनिवारी-रविवारी चढून बघा एकदा. पुण्यामुंबईच्या गाड्यांची रांग लागते, बाहेर सुंदर दरी आणि आत आपण समोरच्याचा धूर खायलोय.

ब्रेक_जळाले_होते
रस्ता कुठला पण घ्या, गाडी कशी चालवणार ते आधी बघा. चार मोठी माणसं, एक पोर आणि सामान घेऊन वॅगनआर सीएनजीवर घाटात दम टाकते. घाट सुरू व्हायच्या आधी बटण दाबून पेट्रोलवर घ्या, टाकीत पेट्रोल असू द्या. अवघड चढाला दुसरा गिअर, गाडी कण्हायला लागायच्या आधी टाका, कण्हल्यावर नाही. जड चढाला दोन मिनिटं एसी बंद केला तर कोण मरत नाही.

आणि उतरताना न्यूट्रल करू नका!! मी केलं होतं, पेट्रोल वाचवायचं म्हणून. पसरणी उतरताना अर्ध्यात जळका वास आला, पेडल मऊ लागायला लागलं, बायको ओरडायली, मी घामाघूम. कशीबशी कडेला घेतली, अर्धा तास थांबलो. ज्या गिअरमध्ये चढता त्याच गिअरमध्ये उतरायचं, इंजिनच गाडी धरून ठेवतं, ब्रेक फक्त मदतीला.

पोरीला पोटभर खायला घालून घाटात नेऊ नका. कडक भाकरीचा तुकडा आणि आलेपाक, बास. मोबाईल बघू देऊ नका, लांब डोंगराकडं बघायला सांगा.

इतिहासाचा_किडा
गंमत बघा, तुम्ही अफजलखानाच्याच वाटेनं जायलाय. विजापूरवरून निघाला, तुळजापूर, पंढरपूर करत वाईला आला आणि पुढं १० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाच्या पायथ्याशी काय झालं ते सांगायला नको. महाबळेश्वरवरून प्रतापगड वीस-बावीस किमी, आंबेनळी घाटातून. आईंना पायऱ्या नाही जमल्या तर खाली बसवा, पण पोरीला वर न्याच.

शाहूनगरी
सातारकर बोलतोय. सप्टेंबरअखेर येताय आणि कासचं नाव कुणीच घेतलं नाही?? साताऱ्यापासून पंचवीसेक किमी, यवतेश्वरचा घाट चढून. २०१२ ला पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात गेलंय ते पठार, आणि फुलांचा मोसम नेमका तेव्हाच. ऑनलाइन बुकिंग आधी करा, सुट्टीच्या दिवशी येऊच नका, फुलांपेक्षा डोकी जास्त. फुलांत बसून फोटो काढायला जाऊ नका ही हात जोडून विनंती. पुढं बामणोलीला उतरलात तर कोयनेचं पाणी, बोटीत आईंचे गुडघे पण शांत बसतील.

मेढा-केळघर घाट छान हाय, गर्दी कमी, पण पावसात दरड येते. निघायच्या दिवशी सकाळी साताऱ्यात कुणालाही विचारा, चहाच्या टपरीवाल्याला सगळं माहीत असतं. बंद असला तर वाईवरून जा, भांडण मिटलं.

होटगीरोडवाला
सगळ्यांना थँक्यू. ठरलं मग, जाताना दहिवडी, साताऱ्यात दोन मुक्काम, मधल्या दिवशी कास, तो मंगळवार येतोय. मग केळघरवरून महाबळेश्वर, एक मुक्काम, आणि येताना वाई-फलटण, म्हणजे दोन्ही पार्ट्या खुश. प्रतापगड बघू, आई म्हणते पायऱ्या चढणार, बाबा म्हणतात ती घरातला जिना चढत नाही.

एकच राहिलं, थंडी कितपत असते तिकडं? आई आत्तापासून तीन चादरी बांधायली, डिकीत सीएनजीची टाकी, ठेवू कुठं?

ब्रेक_जळाले_होते
एक ठेवा. दोन पोरीच्या पायाखाली, सीटवर उलटी झाली तर कामाला येतील.