एक्स्चेंजवरील पोर्टची क्षमता आणि बिघाडाच्या वेळचा पर्यायी मार्ग

प्रश्न

आम्ही सातारा जिल्ह्यात ब्रॉडबँड सेवा देतो. मुंबईतील एका इंटरनेट एक्स्चेंजवर (अनेक जाळी आपापसांत वाहतूक देतात-घेतात ते ठिकाण) आमचे सेकंदाला १० गिगाबिटचे दोन पोर्ट असून ते लॅग करून, म्हणजे एकत्र जोडून एकाच दुव्यासारखे चालवले आहेत. रात्री नऊच्या सुमारास त्यांवरून १४ गिगाबिट वाहतूक येते. ट्रान्झिटचा, म्हणजे उरलेल्या इंटरनेटपर्यंत पैसे देऊन पोहोचण्याचा करार ५ गिगाबिटचा आहे. आलेखावर पोर्ट कधी भरलेले दिसत नाहीत, तरीही क्रिकेट सामन्यांच्या रात्री पॅकेट (माहितीचे छोटे तुकडे) गळतात. एक्स्चेंजची एकूण क्षमता पुष्कळ आहे. मग तिसरा पोर्ट घ्यावा, की दुसऱ्या एक्स्चेंजवरही जावे?

उत्तर १

आलेख बहुधा पाच मिनिटांच्या सरासरीचा असेल; त्या सरासरीत क्षणभर उसळणारी वाहतूक दिसत नाही. शिवाय लॅगमध्ये प्रत्येक प्रवाह हॅशनुसार (पत्त्यांवरून काढलेल्या आकड्यानुसार) एकाच तारेवर जातो, त्यामुळे एक पोर्ट काठोकाठ भरलेला आणि दुसरा निम्मा रिकामा, असे सहज घडते. दोन्ही पोर्टचे आलेख स्वतंत्रपणे आणि कमी अंतराने काढून पाहावेत.

एक्स्चेंजची एकूण क्षमता येथे फारशी उपयोगाची नाही. १९९५ मध्ये एनएसएफनेट या अमेरिकेतील सरकारी अनुदानाच्या जाळ्याचा कणा बंद झाल्यावर अमेरिकेतील मोठी जाळी ज्या एक्स्चेंजांवर जोडली गेली, त्यांपैकी वॉशिंग्टनजवळच्या एमएई-ईस्टवर एफडीडीआय या जुन्या तंत्राचे स्विच होते आणि तेथील पोर्ट १०० मेगाबिटचे होते. एका सदस्याचा पोर्ट तुंबला, की त्याच्यासाठी आलेले पॅकेट आवक रांगेच्या तोंडाशी अडून राहत आणि मागे उभे असलेले इतरांचे पॅकेटही खोळंबत. मोठ्या जाळ्यांनी आपापसांत थेट खासगी जोडण्या वाढवल्या, त्यामागे हेही एक मोठे कारण होते. आजच्या स्विचमध्ये तो दोष उरलेला नाही, पण समोरच्याचा पोर्ट भरलेला असला तर नुकसान आजही आपलेच होते, आणि ते आपल्या आलेखावर दिसतही नाही.

उत्तर २

तिसरा पोर्ट घ्यावाच, कारण दोनपैकी एक पडला तर १४ गिगाबिट १० मध्ये मावणार नाहीत. मात्र त्याने केवळ क्षमता वाढेल. तिन्ही पोर्ट एकाच इमारतीतील एकाच स्विचवर असतील, तर विश्वासार्हता होती तेवढीच राहील. एप्रिल २०१८ मध्ये फ्रँकफर्टच्या डीई-सीआयएक्स या एक्स्चेंजला सेवा देणाऱ्या एका डेटा सेंटरची वीज गेली, तेव्हा तेथील स्विचवर अवलंबून असलेल्या सदस्यांच्या जोडण्या पडल्या. अन्य इमारतींतील भाग चालू राहिला. लंडनच्या लिंक्स या एक्स्चेंजने वेगवेगळ्या उत्पादकांच्या उपकरणांवर दोन स्वतंत्र लॅन (स्थानिक जाळी) उभारल्या, त्या नेमक्या अशाच प्रसंगांचा विचार करून. एकाच फॅब्रिकवर (एकमेकांशी जोडलेल्या स्विचच्या संचावर) इमारती कितीही वाढवल्या, तरी सॉफ्टवेअरमधील एखादी चूक सर्वत्र पोहोचू शकते.

एक सूचना रूट सर्व्हरबद्दल, म्हणजे सदस्यांचे मार्ग एकमेकांना कळवणाऱ्या एक्स्चेंजच्या सर्व्हरबद्दल. त्याच्याशी असलेले तुमचे बीजीपी सत्र (मार्गांची माहिती देण्याघेण्याची जोडणी) जिवंत असताना तुम्ही आणि दुसरा सदस्य यांच्यामधला मार्ग मात्र तुटलेला असू शकतो. अशा वेळी मार्ग मागे घेतले जात नाहीत आणि वाहतूक गुपचूप नाहीशी होते. ज्या चार-पाच जाळ्यांकडून तुमची बहुतेक वाहतूक येते, त्यांच्याशी थेट सत्र करून त्यावर बीएफडी (मार्ग तुटल्याचे क्षणात ओळखणारी तपासणी) चालू करावे. मोठे कंटेंटवाले (व्हिडिओ वगैरे पुरवणाऱ्या कंपन्या) बीएफडीला नेहमीच तयार होतात असे नाही. तेथे निदान होल्ड टायमर, म्हणजे समोरून काही न आल्यास सत्र तुटले असे मानण्याआधीची वाट पाहण्याची वेळ, कमी करावा.

प्रश्नकर्ता

दोन्ही उत्तरांबद्दल आभार. दुसऱ्या एक्स्चेंजचा खर्च यंदा झेपणारा नाही. मग संपूर्ण एक्स्चेंज बंद पडले, तर १४ गिगाबिट ५ च्या ट्रान्झिटमध्ये कसे बसवायचे?

उत्तर ३

ते बसणार नाहीत. आधी मोठ्या कंटेंटवाल्यांच्या कॅशे (लोकप्रिय मजकुराच्या प्रती ठेवणारे सर्व्हर) आपल्याच जाळ्यात बसवून मिळतात का, ते विचारावे. व्हिडिओचा बराच भार तेथेच थांबतो आणि दोन्हीकडचा ताण कमी होतो. उरलेल्यासाठी ट्रान्झिट पुरवठादाराकडे ५ गिगाबिटचाच करार ठेवून प्रत्यक्ष जोडणी मात्र १० गिगाबिटच्या दोन पोर्टची मागावी आणि बिल ९५ व्या शतमकावर ठरवून घ्यावे. या पद्धतीत ठरावीक अंतराने मोजलेल्या वाहतुकीपैकी महिन्यातील सर्वांत जड ५ टक्के नमुने वगळले जातात, म्हणजे ३० दिवसांच्या महिन्यात ३६ तास. एरवीची वाहतूक कराराच्या आत असेल, तर एक्स्चेंज रात्रभर बंद राहिले तरी जादा बिल येणार नाही. पुरवठादाराच्या पुढच्या टप्प्यावर तेवढी जागा खरोखर आहे का, हे पाहण्यासाठी पहाटे नव्हे, तर सायंकाळी सातच्या सुमारास, ग्राहकांना आधी कळवून, एक्स्चेंजवरील सत्रे स्वतःच बंद करून पाहावीत.