जास्वंदीवरील पिठ्या ढेकूण: घरात लहान मूल असताना काय करावे?

प्रश्न (फोंडा)
आमच्या बाल्कांवात (घरापुढच्या बसायच्या ओसरीत) कुंड्यांत जास्वंद, अबोली आणि क्रोटन आहेत. पावसाळा सरल्यापासून जास्वंदीच्या कोवळ्या शेंड्यांवर कापसासारखे पांढरे पुंजके धरले असून खालची पाने चिकट होऊन काळी पडत आहेत. दुकानातून आणलेल्या कीटकनाशकावर पिवळा त्रिकोण आहे. घरात दोन वर्षांची नात आहे आणि मांजर कुंड्यांजवळच झोपते, त्यामुळे ते फवारण्याचे धाडस होत नाही. झाड वाचवता येईल का?

उत्तर (मडगाव)
नक्की वाचेल. ते औषध मात्र कृपया फवारू नका. तांबडा, पिवळा, निळा, हिरवा या क्रमाने विषारीपणा उतरत जातो, म्हणजे आपल्या हाती आहे ते दुसऱ्या क्रमांकाचे जहाल विष आहे.

हा पिठ्या ढेकूण आहे. तो रस शोषून गोड, चिकट द्रव सोडतो आणि त्यावर काळी बुरशी वाढते. ती ओल्या फडक्याने पुसली जाते. त्याच्या अंगावर मेणाचे आवरण असल्यामुळे वरवर फवारून भागत नाही. जास्त लागण झालेले शेंडे कापून पिशवीत बंद करून टाका. उरलेल्या पुंजक्यांना ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलात बुडवलेला कापूस लावा, पण आधी एका पानावर लावून पाहा आणि बाटली विस्तवापासून व मुलांपासून दूर ठेवा. त्यानंतर १ लिटर कोमट पाण्यात आधी थोडा द्रव साबण आणि मग ५ मिलि कडुनिंबाचे तेल मिसळून, संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूसही फवारा. अंड्यांतून पुन्हा पिल्ले निघतात, म्हणून दर आठवड्याला असे तीनदा करावे लागते. फवारा सुकेपर्यंत नातीला आणि मांजराला तिकडे जाऊ देऊ नका.

उत्तर (म्हापसा)
मुंग्या पाहिल्यात का? त्या गोड द्रवासाठी मुंग्या या किडीची राखण करतात. त्यांची वाट तोडली नाही तर सारी मेहनत वाया जाते. कुंडी विटांवर ठेवून त्या विटा साबणाच्या पाण्याच्या ताटलीत ठेवाव्यात. ते पाणी दर दोन दिवसांनी बदलावे, नाहीतर डासांची पैदास होईल.

उत्तर (डिचोली)
एक गोष्ट जपा. पुंजक्यांमध्ये तशीच पांढरी, लोकरीसारखी, पण मोठी आणि चपळ अळी दिसली, तर ती बहुधा क्रिप्टोलिमस या भुंगेऱ्याची असते. तो १८९८ मध्ये ऑस्ट्रेलियातून भारतात आणला गेला आणि पिठ्या ढेकूण हेच त्याचे मुख्य खाद्य आहे. ती दिसल्यास त्या फांदीवर फवारणी थांबवा.