रेझ्युमेत कुठली सॉफ्टवेअर स्किल्स ठेवू?

सी ४०२: सोसायटीतल्या काका, ताई, दादा सगळ्यांनाच विचारते. डेटा अ‍ॅनालिस्टच्या फ्रेशर जागांसाठी रेझ्युमे करतेय, स्किल्समध्ये १७ नावं झालीत, एमएस ऑफिस, सी, सी प्लस प्लस, जावा, पायथन, एसक्यूएल, एचटीएमएल, फोटोशॉप, पॉवर बीआय, विंडोज, इंटरनेट वगैरे. मैत्रिणीने २५ लिहिलीत म्हणून मला माझी कमीच वाटतायत

बी १०४ काका: बाळा मी बरीच वर्षं मुलाखती घेतोय. १७ नावं दिसली की त्यातलं सगळ्यात अवघड वाटणारं उचलतो आणि त्यावरच विचारतो. तिथे पोरगं अडखळलं की उरलेल्या १६ वरचा विश्वासही जातो, आणि त्यातली पाच-सहा त्याला खरंच येत असतात, वाईट त्याचंच वाटतं

डी ५०१ दादा: हेच झालं माझं पहिल्या इंटरव्ह्यूला. पायथन लिहिलेलं पण व्हिडिओ बघून टाइप केलं तेवढंच, त्यांनी विचारलं लिस्ट आणि टपलमध्ये फरक काय, मी गप्प. लिस्ट बदलता येते टपल नाही, एवढं साधं उत्तर होतं. घरी येऊन ते नाव काढलं, तीन महिने नीट शिकलो मगच परत टाकलं

सी ४०२ काकू: पण कमी लिहिलं तर निवडतील तरी का? आधी कॉम्प्युटरच अर्ज चाळतो म्हणे

ए २०३ ताई: काकू चाळणी असते हे खरंय, पण बहुतेक वेळा आम्ही भरती करणारे जाहिरातीतलेच शब्द टाकून शोधतो. म्हणून जाहिरात समोर ठेवायची आणि त्यात मागितलेलं जे तिला येतं ते त्याच शब्दांत लिहायचं. फोटोशॉप या कामासाठी कुणी शोधत नाही. आणि हो, स्किलपुढे पाचपैकी चार स्टार किंवा टक्के देऊ नकोस, ८०% पायथन म्हणजे किती हे कुणालाच कळत नाही, शिवाय ते चित्र असेल तर सॉफ्टवेअरला बऱ्याचदा वाचताही येत नाही

बी १०४ काका: विंडोज, इंटरनेट काढ. नुसतं एमएस ऑफिसही नको, त्यातलं एक्सेल वेगळं काढून त्यात काय करतेस ते लिही, पिव्होट टेबल (डेटाची गटवार बेरीज), लुकअप (दुसऱ्या तक्त्यातून माहिती शोधून आणणं), पॉवर क्वेरी (डेटा आणून साफ करणं), जे खरं असेल ते

सी ४०२: व्हीलुकअप आणि पिव्होट रोज वापरते काका, प्रोजेक्टमध्ये होतं

डी ५०१ दादा: मग एक्सलुकअपपण बघून ठेव. व्हीलुकअपला शोधायचा कॉलम डावीकडेच लागतो, याला कुठेही चालतो. फक्त लक्षात ठेव एक्सेल २०१९ मध्ये ते नाहीये, २०२१ किंवा ३६५ लागतं, समोर जुनं व्हर्जन आलं तर गोंधळशील

बी १०४ काका: मी एक हमखास विचारतो. एक्सेलच्या एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात, डेटा त्याहून मोठा आला तर काय करशील? जो म्हणतो डेटाबेसमध्ये टाकून एसक्यूएलने आधी गोळाबेरीज करीन किंवा पॉवर क्वेरीने एक्सेलच्या डेटा मॉडेलमध्ये, म्हणजे शीटवर न उतरवता, घेईन, त्याने खरंच काम केलेलं असतं

सी ४०२: सी, जावा कॉलेजात दुसऱ्या वर्षी होतं, आता काहीच आठवत नाही. पॉवर बीआय, ते आलेख आणि डॅशबोर्ड करायचं सॉफ्टवेअर, महिनाभर शिकतेय. काढू का तेही?

ए २०३ ताई: सी, जावा काढ. पॉवर बीआय ठेव पण "सध्या शिकत आहे" असं स्पष्ट लिही, त्यात लाजण्यासारखं काही नाही. एक छोटा डॅशबोर्ड कर आणि प्रोजेक्टमध्ये टाक. स्किल्समधलं प्रत्येक नाव खाली प्रोजेक्टमध्ये कुठेतरी वापरलेलं दिसलं पाहिजे, मी तर आधी तेच जुळवून बघते

सी ४०२: मग उरलं एक्सेल (पिव्होट, व्हीलुकअप), एसक्यूएल, पायथन (त्यातली डेटा हाताळायची पांडाज लायब्ररी), आणि पॉवर बीआय शिकतेय. चारच झाले

बी १०४ काका: चार पुष्कळ. एसक्यूएलचं विचारू? ग्राहक १००, त्यातल्या ७० जणांनी प्रत्येकी एकच ऑर्डर दिली, बाकीच्यांनी काहीच नाही. ग्राहकांवरून ऑर्डरला लेफ्ट जॉइन केलं तर किती ओळी? इनरला किती?

सी ४०२: लेफ्टमध्ये सगळे ग्राहक राहतात म्हणून १००, त्यात ३० जणांपुढे ऑर्डरच्या जागी नल, म्हणजे रिकामं, येईल. इनरमध्ये फक्त ऑर्डर असलेले म्हणून ७०

बी १०४ काका: एसक्यूएल ठेव.